बॅटरीची फाइल

घरात बॅटरी आणायचं ठरून पाच महिने झाले होते, आणि घरात आतापर्यंत आली होती ती फक्त बॅटरीची फाइल. निळ्या पुठ्ठ्याची, दोन नाड्यांची, आणि एव्हाना इतकी जाडजूड झालेली की नाड्या एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या. फाइल खरेदीसाहेबांची. एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन चार वर्षं उलटली तरी गल्लीत त्यांना सगळे खरेदीसाहेबच म्हणत, आणि तसं म्हटलेलं त्यांना आवडायचं. घरात मात्र बायको ‘अहो’ म्हणायची आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई ‘बाळ’ म्हणायची. त्याला इलाज नव्हता.

बॅटरी हवी होती ती बायकोसाठी. लग्नाआधी तिनं गणितात पदवी घेतली होती आणि लग्नानंतर ती पदवी कपाटात, साड्यांच्या खाली, जपून ठेवली होती. दोन मुलं, सासू-सासरे, आजारपणं, पाहुणेरावळे, सगळं यथासांग झालं. धाकटी मुलगी नोकरीला परगावी गेली त्या वर्षी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, हिनं कुणालाही न सांगता घरबसल्या शिकवणी चालवणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला आणि निवडली गेली. आठवड्यातून चार दिवस दुपारी चार वाजता संगणकाच्या पडद्यावर नऊ मुलं येऊन बसायची आणि ती त्यांना बीजगणित शिकवायची. पहिल्या दिवशी तास संपवून ती बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि पाच मिनिटं बोटांचा खडू पुसत राहिली. मग म्हणाली, “मला टीचर म्हणाली मुलं.” साहेबांनी त्या दिवशी चहा स्वतः केला. तो अर्धा उतू गेला, पण तिनं एका शब्दानं काही म्हटलं नाही.

पुढं घोडं अडलं ते विजेपाशी. वीज खात्यानं गल्लीतल्या जुन्या केबल उपटून नव्या टाकायला घेतल्या आणि दुपारची लाइट जायला लागली. कधी अर्धा तास, कधी दोन. लाइट गेली की संगणक बंद, इंटरनेटचा डबा बंद, आणि गल्लीच्या टोकाचा मोबाइलचा टॉवरही मान टाकायचा. पहिल्यांदा गेली तेव्हा बायको पाठमोरी वळून मागच्या फळ्यावर समीकरण लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं मागं न बघताच विचारलं, “कळलं का सगळ्यांना?” कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून तिनं तेच पुन्हा एकदा समजावून सांगितलं, काळ्या पडद्याला. संस्थेचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. एका सत्रात तीन तास बुडाले की शिक्षकाचं नाव यादीतून कमी. एक बुडाला होता.

“घराला बॅटरी घ्यायची,” साहेबांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं. “भिंतीवर बसवायची, चांगली मोठी. अख्खं घर चाललं पाहिजे.”

बायकोला बरं वाटलं. तिला वाटलं, आता बॅटरी येणार. साहेबांसोबत आयुष्य काढलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं, पण आनंदाच्या भरात माणूस गाफील राहतो.

आता तुम्ही म्हणाल, दुकानात जावं, बॅटरी घ्यावी, माणूस येऊन ठोकून जाईल, त्यात एवढं काय आहे. साहेबांपुढं असं म्हणाला असतात तर त्यांनी तुम्हाला दहा वर्षांच्या वॉरंटीची गोष्ट सांगितली असती. नोकरीच्या सहाव्या वर्षी त्यांनी इस्पितळासाठी अवजारं निर्जंतुक करायची चाळीस यंत्रं घेतली होती. वॉरंटी दहा वर्षांची, सोनेरी अक्षरांत छापलेली. यंत्रं दोन वर्षांत रुसली आणि कंपनी त्याच्या सहा महिने आधीच गुंडाळली गेली होती. कंपनीचा फोन नंबर एका फुलवाल्याला मिळाला होता. साहेब तक्रार करायला फोन लावत आणि पलीकडून विचारणा व्हायची, हार की गुच्छ. वरिष्ठांनी ते सोनेरी प्रमाणपत्र चौकटीत घालून साहेबांच्या टेबलासमोर टांगलं, ते निवृत्तीपर्यंत तिथंच होतं. तेव्हापासून साहेब वस्तू बघायच्या आधी ती करणाऱ्याचं आयुष्य बघत.

म्हणून पहिला दीड महिना गेला कंपन्यांची आयुष्यं बघण्यात. पहिली कंपनी आठ वर्षांची होती आणि वॉरंटी देत होती बारा वर्षांची. साहेबांनी तिला फोन करून शांतपणे विचारलं की चार वर्षं जास्तीची कुठून आणणार. पलीकडची मुलगी म्हणाली, वरिष्ठांना विचारून सांगते. ती अजून विचारते आहे. दुसरी कंपनी चाळीस वर्षांची निघाली, तेव्हा साहेबांना हायसं वाटलं; पण खोलात गेल्यावर कळलं की त्यातली सदतीस वर्षं ती गाद्या बनवत होती. तिसरी बावीस वर्षांची, पहिल्यापासून बॅटऱ्याच करणारी, सुटे भाग ठेवणारी, आणि शहरातच दुरुस्तीचं केंद्र असलेली. साहेब त्या केंद्रात स्वतः जाऊन बसले. तिथं एक माणूस खरोखरच एक बॅटरी खोलून बसला होता. साहेबांनी त्याचा बूट, टेबल आणि हजेरीपट पाहिला आणि तिसऱ्या कंपनीपुढं बरोबरची खूण केली.

बायको म्हणाली, “मग घ्या ना.”

साहेबांनी तिला समजावून सांगितलं की कंपनी ही निम्मी गोष्ट झाली. बॅटरी कितीही चांगली असो, ती भिंतीवर बसवणारा माणूस इथला असतो, आणि रात्री-अपरात्री बिघडली तर कंपनीचा मालक येत नाही, हाच यावा लागतो. तेव्हा तीन बसवणारे बोलवायचे, तिघांचीही लेखी दरपत्रकं घ्यायची, तिघांच्या जुन्या गिऱ्हाइकांना भेटायचं, गुण द्यायचे आणि तुलनात्मक तक्ता करायचा. जुन्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी बावीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली होती. पहिला प्रश्न होता, ‘बॅटरी आपणांस का घ्यावीशी वाटली?’

पहिला बसवणारा कोट घालून आला. सोबत पडदा घेऊन आला आणि त्यावर हिरवी शेतं, हसणारी मुलं आणि घरांवर फिरणारा सूर्य दाखवला. घराच्या मीटरच्या फळीकडं मात्र त्यानं ढुंकून पाहिलं नाही. भिंतीला भोक कोण पाडणार, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, आमची टीम. टीम कुठं असते, तर म्हणाला, टीम असते. आईनं जाता जाता त्याला आपला उशाचा दिवा दाखवला, तो मध्येच लुकलुकायचा. कोटवाला म्हणाला, ते आमच्या कामात बसत नाही.

दुसरा भलताच गोड होता. काहीही विचारलं की त्याचं उत्तर एकच, होऊन जाईल. साहेबांनी मोजलं, अर्ध्या तासात एकोणीस वेळा. शेवटी त्यांनी मुद्दाम विचारलं की बॅटरी पाण्याच्या टाकीत ठेवली तर. तो म्हणाला, होऊन जाईल. आईचा दिवा तो दुरुस्तीला म्हणून घेऊन गेला, आणि नंतर साहेबांना चार खेपा घालून तो परत आणावा लागला, होता तसाच, लुकलुकता.

तिसरा फिटर चाळिशीचा, बेताचं बोलणारा. आला तो सरळ मीटरपाशी गेला, झाकण उघडलं आणि पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिला.

“साहेब, अर्थिंग नाहीये तुमच्या घराला,” तो म्हणाला.

“नाही कसं? सव्वीस वर्षांपूर्वी मी स्वतः उभं राहून करून घेतलंय.”

“तार आहे. ती भिंतीत शिरते आणि तिथंच संपते.”

साहेबांनी मीटरचं झाकण स्वतः लावून टाकलं. ते जिन्याखालची जागा दाखवायला गेले, बॅटरीसाठी त्यांनी आधीच मोजून ठेवलेली. फिटर म्हणाला, इथं वारा नाही, तापेल, पॅसेजच्या भिंतीवर बसवू. आधी अर्थिंग, मग ही जुनी वायर बदलायची, मग बॅटरी. एका दिवसाचं काम आहे. बोलता बोलता त्यानं खिशातला पेचकस काढून आईच्या दिव्याची पिन आवळली आणि दिवा लुकलुकायचा थांबला. तो गेल्यावर आई म्हणाली, “बाळ, ह्यालाच दे.” साहेब म्हणाले की तक्त्यात दिव्याचा रकाना नाही. शिवाय उद्धटपणाबद्दल त्यांनी फिटरचे चार गुण कापले होते.

ह्याच सुमारास दुसरा तास बुडाला. त्या दिवशीची गोष्ट जरा वेगळी होती. नऊ मुलांत एक मुलगी होती जी इतक्या महिन्यांत एकदाही तोंड उघडून बोलली नव्हती. त्या दुपारी तिनं पहिल्यांदा हात वर केला. बायको म्हणाली, “हां, बोल बाळा,” आणि लाइट गेली. त्या संध्याकाळी बायको जेवली नाही. रागावलीही नाही, भांडी आपटली नाहीत, नुसती म्हणाली की त्या पोरीला वाटलं असेल, आपण हात वर केला म्हणून टीचर निघून गेल्या. साहेबांना ते ऐकून आत कुठंतरी खोलवर टोचलं. पण टोचलं म्हणून घाईत सही करणारा माणूस म्हणजे चाळीस यंत्रं. ते म्हणाले, “अगं, चौथ्या टप्प्यावर आहे प्रकरण. आता फक्त गिऱ्हाइकांच्या भेटी.”

भेटींना तीन आठवडे लागले. कोटवाल्यानं दिलेली गिऱ्हाइकं फोनवर फार खूश होती आणि तिघांचाही आवाज एकच होता. होऊन-जाईलवाल्याच्या एका गिऱ्हाइकानं साहेबांना घरात घेतलं, पाणी दिलं आणि मग त्यांनाच विचारलं की तुम्ही त्याच्याकडून आला आहात तर बॅटरी कधी देताय. दोघंही तक्त्यातून बाद झाले. फिटरची दोन गिऱ्हाइकं मात्र चोख निघाली. एका घरी तर साहेबांनी स्वतः मेन स्विच बंद करून पाहिला. दिवा पापणीसुद्धा न लववता चालू राहिला.

तिसरं गिऱ्हाईक राहिलं होतं. नियमानं तीन हवीत म्हणजे हवीत. दोनवर सही केली तर तेहतीस वर्षांचं काय राहिलं?

आणि त्याच रविवारी गल्लीच्या तोंडाशी वीज खात्याचा कागद लागला. गुरुवारी दुपारी तीन ते सहा पुरवठा बंद. ह्या वेळी अंदाजबिंदाज काही नाही, छापील आणि शिक्का मारलेलं. बायकोनं तो येता-येता वाचला. सत्राचे पंधरा दिवस उरले होते आणि गुरुवारी चार वाजता तिचा तास होता.

“तारीख बदलून मिळत नाही,” ती म्हणाली. “मी विचारलं. गुरुवारी बुडाला की संपलं.”

साहेबांनी फिटरला फोन केला. तिसरं गिऱ्हाईक ताबडतोब हवं म्हणाले, उद्याच्या उद्या. फिटरनं आधी उद्या जमणार नाही म्हणून सांगितलं. मग म्हणाला, आहेत एक काका, पण ते इथं नसतात, बसनं दोन तासांच्या अंतरावर असतात, आणि त्यांना गुरुवारशिवाय सवड नाही. सकाळी दहाला पोचलात तर निवांत बोलतील. साहेबांनी डायरीत लिहून घेतलं आणि खाली दिवस मांडले. गुरुवारी गिऱ्हाईक, शुक्रवारी निर्णय, आणि तास तर गुरुवारीच. हे गणित कुठल्याच बाजूनं सुटत नव्हतं. त्यांना बायकोकडं बघवेना.

“मी जातच नाही,” ते म्हणाले. “तसाही उपयोग नाही.”

“तुम्ही जाऊन या,” बायको म्हणाली. “एवढं केलंत, आता अर्धवट सोडू नका.”

इतक्या शांतपणे म्हणाली की दुसऱ्या कुणाच्या मनात पाल चुकचुकली असती. पण साहेबांना वाटलं, अखेर हिला पद्धतीचं महत्त्व पटलं. गुरुवारी ती पहाटे उठली, डबा करून दिला, छत्री दिली, प्रश्नावलीच्या दोन जादा प्रती पिशवीत घातल्या आणि त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस वळणाआड जाईपर्यंत ती थांब्यावर उभी होती. साहेबांना वाटलं, बिचारी किती धीराची आहे.

काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. पांढरे केस, मोठा चष्मा, आणि शेजारी दुसरी खुर्ची आधीच मांडलेली. साहेबांनी प्रश्नावली काढली आणि नेहमीप्रमाणे आधी माफी मागून घेतली, प्रश्न जरा जास्त आहेत.

“किती?” काकांनी विचारलं.

“बावीस.”

“एवढेच?” काका म्हणाले.

पहिल्या प्रश्नाला त्यांनी पन्नास मिनिटं घेतली. बॅटरी का घ्यावीशी वाटली, हे सांगण्यासाठी ते आधी आपल्या गावात वीज कशी आली तिथपर्यंत मागं गेले, मग बायकोच्या शेवटच्या दुखण्यातल्या अंधारापर्यंत आले, आणि मग फिटरनं बॅटरी कशी बसवली ते सांगितलं. फिटर दोन दिवस आला होता. दुसऱ्या दिवशी काम नव्हतंच, सगळं नीट आहे ना एवढं बघायला तो परत आला होता. साहेब भराभर लिहीत होते. तेहतीस वर्षांत त्यांच्या प्रश्नांना अशी उत्तरं कुणी दिली नव्हती. लोक हो म्हणत, नाही म्हणत, घड्याळाकडं बघत. हा माणूस प्रत्येक प्रश्न पुन्हा वाचायला लावत होता. सातव्या प्रश्नाला त्यांनी बिल शोधून काढलं. अकराव्याला बॅटरी दाखवली, मेन स्विच बंद केला आणि म्हणाले, आता किती वेळ चालते ते तुमच्या डोळ्यांनी बघा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. दोघंही पंख्याखाली बसून राहिले. चौदाव्याला जेवणं झाली. साहेबांनी एक वाजताच्या बसचा विषय काढला, पण काका म्हणाले की अडीचची बस जास्त बरी, तिच्यात जागा मिळते.

बाविसाव्या प्रश्नानंतर साहेब कागद आवरायला लागले तेव्हा काका म्हणाले, “एक राहिला की.”

“कोणता?”

“बसवणाराच उद्या नसला तर त्याच्यामागं कोण येणार, हे नाही विचारलंत.”

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं. हा प्रश्न आपल्याला सुचला नाही ह्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तो तेविसावा म्हणून लिहून घेतला आणि त्याचं उत्तर काकांनी बस दिसेपर्यंत दिलं.

बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी गुण मांडले. बेरीज ब्याण्णव. इतके गुण त्यांच्या हातून आजवर कुणालाही गेले नव्हते. खरं तर समाधान वाटायला हवं होतं. पण घड्याळात चार वाजले आणि त्यांना काहीच बघवेना. आत्ता पडद्यावर नऊ मुलं येऊन बसली असतील, वाट बघतील आणि एकेक करून निघून जातील. ती गप्प मुलगीही असेल. आपण पाच महिने काय केलं, असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि हा प्रश्न त्यांच्या प्रश्नावलीत नव्हता. घरी गेल्यावर काय बोलायचं ते त्यांनी मनात तीनदा तयार केलं. ‘चूक माझीच झाली’ इथपर्यंत येऊन तिन्ही वेळा पुढचं वाक्य सुचेना.

गल्लीत सामसूम होती. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन सोडून बाहेर खुर्चीवर पेंगत होता. तीन वाजता गेली, तो म्हणाला, आणि सहाची काही खात्री नाही. साहेब दारापुढच्या पायऱ्या चढले, हळूच दार ढकललं, आणि त्यांना आतून बायकोचा आवाज आला.

“आता दोन्ही बाजूंना तीननं भागा. घाई नको.”

साहेबांना पहिला बुडालेला तास आठवला. काळ्या पडद्यासमोर बसून ती एकटीच शिकवत होती. त्यांनी खोलीच्या दारातून आत डोकावलं. पडदा उजळलेला होता. त्यात नऊ चौकोन होते आणि नऊ चेहरे. डोक्यावर पंखा फिरत होता. साहेब त्या पंख्याकडं बराच वेळ बघत राहिले.

“बाळ, दार लाव,” मागून आई म्हणाली. “मुलांना आवाज जातो.”

पॅसेजमध्ये फिटर जमिनीवर बसून हत्यारं पुसून पेटीत ठेवत होता. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, एखाद्या बॅगेएवढी पांढरी बॅटरी लावलेली होती आणि तिच्यावर हिरवा ठिपका पेटला होता. कंपनी तिसरी. खालून जाड नवी वायर मीटरपर्यंत गेली होती, आणि खिडकीबाहेर अर्थिंगसाठी खणलेली माती चोपून सारखी केलेली दिसत होती. साहेबांनी सवयीनं आधी बॅटरीचा नंबर डायरीत उतरवून घेतला. मग त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून ते आईशेजारी बसले.

आतून एक बारीक आवाज आला, साहेबांनी आधी कधी न ऐकलेला. एक्स बरोबर सात, असं काहीतरी तो म्हणाला. मग बायको म्हणाली, “शाब्बास. मला माहीत होतं, तुला येतं.” साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. आई दुसरीकडं बघत होती.

साडेपाचला बायको बाहेर आली. तिनं आधी पाण्याचा पेला भरून साहेबांपुढं ठेवला. मग तिनंच विचारलं, “मग? कुणाला निवडलंत?”

साहेबांनी पिशवीतून तक्ता काढला, घड्या उलगडल्या आणि घसा साफ केला. “हेच,” ते म्हणाले. “ब्याण्णव गुण.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “दुसरं कुणी निघालं असतं तर भिंत पुन्हा फोडावी लागली असती.”

निर्णयाआधी काम झालं, हे नियमाला धरून नाही, एवढं साहेब बोलले. पण त्या बोलण्यात काही दम नव्हता, आणि पंखा अजूनही फिरत होता. बायको म्हणाली, पैसे तिच्या चार महिन्यांच्या शिकवणीचे होते, त्यामुळं खरेदी तिची आणि निर्णय त्यांचा, दोन्ही जागच्या जागी आहे. फिटरनं काम पूर्ण झाल्याचा कागद पुढं केला. साहेबांनी तो दोनदा वाचून सही केली, आणि दार उघडून द्यायला त्याच्याबरोबर गेले. तिथं फिटर घुटमळला.

“साहेब, एक मदत हवी होती.”

“बोल ना.”

“सोमवारी पलीकडच्या रस्त्याला एक काम धरलंय. घरच्या बाई घाईत आहेत, पण तिथले साहेब निवृत्त तपासनीस आहेत. त्यांना तुमच्याकडं पाठवतो, जुनं गिऱ्हाईक म्हणून. बॅटरी कशी आहे वगैरे विचारतील. दहा ते अडीच एवढं सांभाळून घ्या.”

“दहा ते अडीच,” साहेब म्हणाले.

“मला तेवढाच वेळ लागतो. माणूस घरी नसला की.”

साहेबांना काकांची अडीचची बस आठवली. दहा ते अडीच. त्यांनी वळून बायकोकडं पाहिलं. ती बॅटरीवरची नसलेली धूळ पदरानं पुसत होती. आई एकाएकी डोळे मिटून झोपी गेली होती.

“ते काका,” साहेबांनी सावकाश विचारलं, “तुझे कोण?”

“सासरे,” फिटर म्हणाला. त्याची मान खाली गेली होती. “पण बॅटरी खरी आहे साहेब, मीच बसवलीय, आणि त्यांनी एकही शब्द खोटा सांगितला नसणार. लाइट जायच्या आधी फोन आला होता त्यांचा. म्हणाले, तुझी सासू गेल्यापासून इतका वेळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. पुन्हा पाठव म्हणाले.”

नात्यातल्या माणसाची साक्ष धरायची नाही, हा साहेबांचा नियम होता, आणि तो तेहतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्यांनी खिशातून पेन काढलं, तक्त्यावरच्या तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या रकान्यावर धरलं, आणि तसंच धरून ठेवलं. आत बायको आईला हलवून सांगत होती की झोपायचं सोंग पुरे, चहा झालाय. साहेबांनी पेन बंद करून पुन्हा खिशात ठेवलं.

“ह्या तपासनिसांचे प्रश्न किती आहेत?” त्यांनी विचारलं.

“एकतीस, साहेब.”

“एकतीस प्रश्न अडीचपर्यंत उरकत नसतात,” खरेदीसाहेब म्हणाले. “पाचपर्यंत तू बिनघोर काम कर.”